दफनभूमीतून घराण्याचा माग: कबरींची नोंद कशी करायची आणि ती कशी वाचायची

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावं सापडतात, हे बहुतेक मराठी घरांना ठाऊक असतं. ज्या घरांत दहनाऐवजी दफन होतं, त्यांना ही वही मिळत नाही. त्यांच्याकडे दफनभूमी असते आणि तिची वही बहुधा कुणी केलेलीच नसते. ती वही कशी करायची आणि करून झाल्यावर तिच्यातून घराणं कसं शोधायचं, ते इथे सांगतो.

महाराष्ट्रात दफन करणारे समाज बरेच आहेत: मुसलमान, ख्रिस्ती, बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी), लिंगायत, गोसावी, नाथपंथी. मी मुख्यतः मराठी ख्रिस्ती आणि बेने इस्राएल दफनभूम्यांबद्दल लिहितो आहे. दोन्हीकडे दगडावर नाव, तारीख, नातं कोरायची रीत आहे आणि दगडाशी ताडून बघायला कागदही आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. एकटा दगड फार थोडं सांगतो. शेजारचा दगड, त्यांची ओळ, मधली मोकळी जागा हे सगळं एकत्र पाहिलं की घराणं दिसायला लागतं. आपल्या आडनावाच्या चार कबरींचे फोटो काढून परतणारा माणूस अर्धी माहिती तिथेच सोडून येतो. सुनेचं माहेर, दुसऱ्या बायकोची मुलं, लग्न होऊन वेगळं आडनाव लागलेली आत्या, ही माणसं आडनाव शोधून सापडत नाहीत. म्हणून निदान पूर्ण ओळ आणि जमलं तर पूर्ण दफनभूमी नोंदवायची.

कुठल्या दफनभूमीत जायचं?

मूळ गावीच जायचं, असं वाटतं. पण मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत ते पुष्कळदा फसतं. मिशनशाळेतले मास्तर, सुवार्तिक, दवाखान्यातल्या नर्सा, रेल्वेतले आणि पलटणीतले लोक नोकरीच्या गावी वारले आणि तिथेच पुरले गेले. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१ पासून अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) त्याचं मोठं केंद्र बनलं आणि पुढे राहुरी, वडाळा, शिरूर, सातारा, सोलापूर अशी ठाणी झाली. नगरच्या कुटुंबातल्या माणसाची कबर सोलापुरात निघाली तर नवल नाही. रेल्वेतल्या लोकांसाठी इगतपुरी, मनमाड, भुसावळ तपासा.

बेने इस्राएल घरांत आडनावच गाव सांगतं: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर. पण आडनावातलं गाव म्हणजे मुळाचा पत्ता. कबर तिथेच असेल असं नाही. अठराव्या शतकापासून ही कुटुंबं मुंबईला येऊ लागली, पुढे पुण्याला आणि लष्कर-रेल्वेच्या ठाण्यांवर पांगली. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या कबरी आणि मुंबई-पुण्यातल्या नंतरच्या कबरी, दोन्ही पाहिल्याशिवाय साखळी जुळत नाही.

म्हणून निघण्याआधी घर धुंडाळा. जुन्या बायबलची पहिली-शेवटची कोरी पानं, वार्षिक स्मरणाची छापील कार्डं, पेटीभोवती सगळे उभे असलेले फोटो. फोटोत मागे दिसणारी भिंत किंवा फाटक पाहून गावातला जाणता माणूस जागा ओळखतो. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना "कधी वारले?" असं विचारू नका, "कुठे ठेवलं?" असं विचारा. तारीख विसरलेली असते; बैलगाडी कुठल्या रस्त्याने गेली, ते लक्षात असतं.

परवानगी आणि माणसं

प्रोटेस्टंट मंडळी (म्हणजे चर्च) असेल तर पाळक आणि पंच, कॅथलिक असेल तर पॅरिशचं कार्यालय, बेने इस्राएल असेल तर सिनेगॉगचे, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाचे, विश्वस्त, नगरपालिकेची जागा असेल तर आरोग्य खातं. एक साधं पत्र द्या: कोण आहात, काय नोंदवणार, कशाला हात लावणार नाही आणि झाल्यावर एक प्रत देणार. शेवटचं वाक्य लिहिलंत की दरवाजे लवकर उघडतात. बऱ्याच ठिकाणी दफनभूमीच्या जमिनीवरून वाद चालू असतात, तेव्हा हातात टेप घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसाकडे लोक संशयाने पाहणारच.

कबर खोदणाऱ्या माणसाला भेटल्याशिवाय कामाला लागू नका. कुठली कबर पुन्हा उघडली, कुठल्या दगडाखाली आता दुसरं कुणी आहे, कुठला क्रूस वादळात पडला आणि भलत्याच जागी उभा केला, हे त्यालाच माहीत असतं. त्याच्याबरोबर एक फेरी मारा, तो सांगेल ते लिहून घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.

दिवसही बघून निवडा. यहुदी दफनभूमीत शब्बाथला, म्हणजे शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार सूर्यास्त, आणि सणांना जायचं नाही. कॅथलिक दफनभूमीत २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी सगळी कुटुंबं येतात. त्या दिवशी नोंदवहीचं काम होणार नाही, पण कोण कुठल्या कबरीवर मेणबत्ती लावतं ते पाहा. वर्षभर कोड्यात टाकणारा दगड कुणाचा, ते एका दुपारी कळतं.

हंगाम, कपडे, सामान

पावसाळ्यात जाऊ नका. गवत कंबरेइतकं असतं, दगडांवर शेवाळ असतं आणि अक्षर दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरा. तरी गमबूट आणि काठी हवीच. घोणस सगळीकडे, कोकणातल्या जांभ्यावर फुरसंही. खचलेल्या कबरीवर पाय देऊ नका.

सामान थोडं लागतं: मऊ केसांचा ब्रश, पाण्याची फवारणीची बाटली, हातभर आरसा, मोजपट्टी, पेन्सिल, पॅड, आणि मोबाइल चार्ज करायची सोय. जे न्यायचं नाही ते महत्त्वाचं: तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, फिनेल, खडू, तेल, चुना. संगमरवर अ‍ॅसिडने जळतो. जांभा ओला करून घासला तर अक्षरासकट निघतो. काही ठिकाणी आदर म्हणून दरवर्षी कबरींना चुना मारतात आणि त्या थराखाली अक्षरं बुजतात. तो थर खरवडून काढायचा मोह आवरा. आपण वाचायला आलो आहोत, दुरुस्तीला नाही.

आधी नकाशा, मग नावं

सगळ्यांची घाई नावांकडे असते. आधी कागदावर आराखडा काढा: उत्तर दिशा, फाटक, विहीर, मोठी झाडं, भिंत. मग ओळी ठरवा आणि प्रत्येक जागेला "ओळ-क्रमांक" असा आकडा द्या, उदाहरणार्थ ३-१४ म्हणजे तिसऱ्या ओळीतली चौदावी. दगड नसलेला मातीचा उंचवटा, नुसती विटांची कड, मोडका क्रूस यांनाही आकडा हवा. गरिबाच्या कबरीवर दगड नसतो. नाव असलेल्याच कबरी मोजल्या तर तुमच्या वहीत फक्त पैसेवाले उरतील.

जुन्या दफनभूम्यांत ओळी सरळ नसतात. तिथे पन्नास-साठ जागांचे गट करा आणि प्रत्येक गटाला अक्षर द्या. मोबाइलमधलं जीपीएस दफनभूमी शोधायला पुरेसं आहे, पण ते काही मीटर इकडे-तिकडे दाखवतं आणि दोन कबरींमध्ये अंतर मीटरभराचं असतं. आकडा आणि आराखडा याला पर्याय नाही.

दगड वाचणं

खरं काम इथे आहे, इथे घाई करू नका.

आधी दगडच पाहा. काळ्या दगडावरचं कोरीव अक्षर शंभर वर्षांनीही वाचता येतं. संगमरवर समुद्राच्या हवेत गुळगुळीत होतो. काही संगमरवरी पाट्यांत शिशाची अक्षरं बसवलेली असतात. शिसं गळून पडलं तरी अक्षर धरून ठेवणारी बारीक भोकं राहतात, त्यांच्या रांगेवरून अक्षर ओळखता येतं. सिमेंटवर नुसत्या रंगाने लिहिलेलं पहिलं पुसतं, म्हणून ते पहिलं नोंदवा. आणि १९२०च्या दशकातल्या मृत्यूची पाटी चकचकीत ग्रॅनाइटची असेल, तर ती नातवंडांनी नंतर बसवलेली आहे. तिच्यावरची जन्मतारीख म्हणजे नातवंडांची आठवण. "दगड नंतरचा" असा शेरा लगेच लिहून ठेवा.

मग उजेड. उन्हं तिरपी असताना, सकाळी किंवा साडेचारनंतर, अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि दुपारी न दिसणारी ओळ वाचता येते. दगडाचं तोंड सावलीत असेल तर आरशाने ऊन बाजूने टाका, समोरून टाकू नका. संध्याकाळी मोबाइलची बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून कडेने धरली तरी तेच होतं. पाण्याचा हलका फवारा मारला की काही दगडांवर कोरलेला भाग आणि बाकीचा भाग वेगवेगळ्या वेगाने वाळतो. तेवढ्या अवधीत वाचा.

दोघांनी जा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवायचं. झिजलेल्या दगडावर १ आणि ९, ब आणि व, घ आणि ध, म आणि भ यांची अदलाबदल होते. शंका असेल तर तो अंक चौकटी कंसात घाला आणि पुढे प्रश्नचिन्ह द्या. जसं आहे तसं उतरवायचं: चुकलेली वेलांटी चुकलेलीच, इंग्रजी स्पेलिंग दगडावर असेल तसंच, ओळ मोडली तिथे तिरकी रेघ. "३-५-४२" असं असेल तर "३ मे १९४२" असं लिहू नका. दगड काय म्हणतो तो एक रकाना, तुम्हाला काय वाटतं तो दुसरा. हे दोन रकाने एकदा मिसळले की पुन्हा वेगळे करता येत नाहीत.

आता मजकूर. मराठी ख्रिस्ती दगडांवर "प्रभूमध्ये निद्रिस्त", "ख्रिस्तवासी", "यांच्या स्मरणार्थ" असे शब्द येतात आणि खाली बायबलचं वचन. वचनाचा पत्ता तारीख समजू नका, "२ तीम. ४:७" हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं चौथ्या अध्यायातलं सातवं वचन आहे. नावाआधीची बिरुदं नीट टिपा. बाईच्या नावाआधी "सौ." असेल तर ती गेली तेव्हा नवरा हयात होता, म्हणजे त्याच्या मृत्यूचा शोध त्या तारखेच्या पुढे घ्यायचा. "रेव्ह.", "मास्तर", "सुभेदार" या शब्दांनी पुढची दारं उघडतात: मिशनचे अहवाल, शाळेचं दप्तर, पलटणीची कागदपत्रं. पलटणीचा क्रमांक कोरलेला असेल तर तो सगळ्यात आधी लिहा.

दगडाची शेवटची ओळ लोक सोडून देतात. "हा दगड त्यांच्या चार मुलांनी बसवला", "दुःखी पत्नीकडून", "मंडळीच्या वतीने". वंशावळीच्या दृष्टीने नावाखालोखाल मोलाची ओळ हीच. चार मुलगे होते, त्या वर्षी ते हयात होते आणि दगडाचा खर्च करण्याइतकी त्यांची ऐपत होती, हे सगळं एका ओळीत येतं. आणि "मंडळीच्या वतीने" असेल तर जवळचं कुणी नव्हतं का, हा प्रश्न टिपून ठेवा.

बेने इस्राएल दगडांवरचा हिब्रू मजकूर

बऱ्याच दगडांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी असे तिन्ही मजकूर असतात आणि ते एकमेकांची नक्कल नसतात. मराठीत नाव आणि आडनाव असतं. हिब्रूत अमुक "बेन" किंवा "बात" तमुक, म्हणजे तमुकचा मुलगा किंवा मुलगी, असं बापाचं नाव असतं. हिब्रू येत नसलं तरी त्या ओळींचा जवळून, सरळ, स्वच्छ फोटो घ्या. वाचणारा नंतर मिळतो.

वर्ष अक्षरांत लिहिलेलं असतं, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत आहे: कोफ १००, रेश २००, शिन ३००, ताव ४००. हजारांचा आकडा बहुधा गाळतात. अक्षरांची बेरीज करून तीत १२४० मिळवले की इसवी सन येतो. ताव, रेश, त्सादी, खेत म्हणजे ४०० + २०० + ९० + ८ = ६९८; अधिक १२४०, म्हणजे १९३८. मात्र यहुदी वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात तिश्री महिन्यापासून सुरू होतं, त्यामुळे तिश्री ते डिसेंबरअखेरच्या मृत्यूसाठी एक वर्ष वजा करायचं. दिवसही सूर्यास्ताला बदलतो. संध्याकाळी सातला वारलेल्या माणसाची हिब्रू तारीख एक दिवस पुढची दिसेल. ती चूक नाही. उलट मृत्यू सूर्यास्तानंतर झाला असावा, असा तो पुरावा आहे.

नावांची दुसरी गंमत. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे गृहस्थ कुठे समाजी हसाजी दिवेकर म्हणून भेटतात, कुठे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर म्हणून. माणूस एकच. तुमच्या घराण्यातही दगडावर एक रूप आणि नोकरीच्या कागदावर दुसरं असणार, म्हणून दोन्ही रूपांची जोडयादी सुरुवातीपासून ठेवा.

इतर कालगणना

कुठे शके दिसलं तर त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तारखांसाठी ७९. मराठवाड्यात निजामी अमलातल्या कागदांवर फसली सन येतो, त्यात ५९० मिळवायचे. मुसलमान कबरींवरचं हिजरी वर्ष चांद्र असल्याने नुसत्या बेरजेने जमत नाही. इंटरनेटवरच्या तारीख बदलून देणाऱ्या तक्त्यांवर ते घाला आणि एक-दोन दिवसांचा फरक गृहीत धरा.

फोटो आणि तक्ता

प्रत्येक जागेचे तीन फोटो: क्रमांकाची चिठ्ठी धरून पूर्ण कबर, मजकूर जवळून, आणि दोन्ही शेजारी दिसतील असा लांबून. फाइलला नाव द्यायचं ते जागेचा क्रमांकच.

तक्ता साध्या स्प्रेडशीटमध्ये करा. रकाने असे ठेवा: जागेचा क्रमांक, दगडावरचा मजकूर जसाच्या तसा, भाषा, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्म, मृत्यू, वय (दगडावर असतील तसे), इसवी सनातली तारीख (तुमच्या हिशोबाने), दगडाचा प्रकार, कुणी बसवला, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, नोंदवल्याचा दिवस, नोंदवणारा, शेरा. "डावीकडे-उजवीकडे" हे रकाने भरायला लोक कंटाळतात. भरा. घरी बसून जुळवणी करताना सगळ्यात जास्त हात देणारे तेच रकाने आहेत.

वयावरून जन्मसाल काढताना "सुमारे" लिहा. ५०, ६०, ७५ अशी गोल वयं अंदाजाची असतात. "वय ६२ वर्षे ३ महिने" असं कोरलं असेल तर मात्र कुणीतरी बायबलमध्ये जन्मतारीख लिहून ठेवलेली होती, आणि ते बायबल कुणाकडे गेलं हा प्रश्न लगेच विचारायचा.

दगडाला कागदाची जोड

पहिला कागद चर्चची दफन नोंदवही. जुन्या छापील नमुन्याच्या वह्यांत मृत्यूची आणि दफनाची तारीख, नाव, वय, धंदा, मृत्यूचं कारण, दफनाची जागा आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने भेटतात. वही त्याच चर्चमध्ये असेल असं समजू नका. पंथ एकत्र आले, नावं बदलली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अनेक मंडळ्या एका छत्राखाली आल्या. म्हणून पाळकांना "त्या काळी हे चर्च कुणाच्या ताब्यात होतं?" असं विचारा आणि वही त्या वाटेने शोधा.

मुंबईसारख्या शहरात तर उलट क्रम धरा: आधी वही, मग दफनभूमी. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद स्टीव्हन्स आणि गेटवे ऑफ इंडियाचे विटेट यांच्या कबरी आहेत, त्या पाहायला लोक जातात. तुमच्या पणजोबांची तिथली कबर चालत शोधायला गेलात तर आयुष्य जाईल. शिवाय दाटीच्या दफनभूम्यांत, तसंच वसई आणि गोव्याच्या कित्येक चर्चच्या आवारात, काही वर्षांनी कबर पुन्हा वापरतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा सामाईक जागेत ठेवतात. तिथे दगड मिळणारच नाही, वहीतली ओळ हीच कबर.

कंपनी आणि ब्रिटिश काळात चर्चच्या नोंदींच्या प्रती विलायतेला जात. त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि मुंबई इलाख्याची मालिका "एन/३" या खुणेखाली सापडते. त्यांत मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन आहेत, पण काही भारतीय ख्रिस्तीही. फॅमिलीसर्च आणि ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांसाठी काम करणारी फिबिस ही संस्था, दोघांच्या सूच्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. अमेरिकन मिशनची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. आणि इथे आपल्याकडे १८४२ मध्ये नगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळा. मंडळ्यांच्या बातम्यांत माणसं भेटतात.

पलटणीतल्या माणसासाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी पाहा. एक सावधगिरी: खडकीच्या युद्ध दफनभूमीतल्या १९१४-१८च्या स्मारकावर ज्यांची नावं आहेत, त्यांच्या कबरी भारत-पाकिस्तानात इतरत्र पसरलेल्या आहेत. स्मारकावर नाव म्हणजे तिथेच दफन, असं नाही.

सरकारी बाजूला गाव नमुना नंबर १४, म्हणजे कोतवाल बुक, ही जन्म-मृत्यूची गावनोंद. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हे नाव घरोघरी पोचलं, पण त्यात गावातले सगळेच समाज आहेत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा वाचणारा बरोबर न्या. नंतरच्या काळासाठी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार कुणालाही नोंदीचा शोध घेऊन उतारा मागता येतो. मात्र त्या उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. कारण हवं असेल तर चर्चची जुनी वही हाच मार्ग. नोंद सापडली नाही तर अनुपलब्धतेचा दाखला लेखी मागून घ्या, म्हणजे तीच खिडकी पुन्हा पुन्हा ठोठवायला नको.

जुळवणी

दगड एक सांगतो आणि वही दुसरं, असं होणारच. तेव्हा ती माहिती कुणी दिली, हे पाहा. वहीतली दफनाची तारीख त्या दिवशी हजर असलेल्या माणसाने लिहिली. तीवर विश्वास जास्त. वय आणि जन्मगाव कुणा नातेवाइकाने ऐकीव सांगितलं, विश्वास कमी. आपल्या हवेत दफन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होतं. मृत्यू आणि दफन यांत पंधरवड्याचं अंतर दिसलं तर कुठली तरी तारीख चुकीची वाचली आहे, किंवा माणूस दोन आहेत.

आता तक्ता मृत्यूच्या सालाप्रमाणे लावा, मग ओळीप्रमाणे लावा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. ओळ सालाप्रमाणे सरकत असेल तर दफनं क्रमाने झाली; दगड नसलेल्या जागेचं साल शेजाऱ्यांवरून काढता येतं. मध्येच तीस वर्षांनंतरचा दगड आला तर ती जागा कुणासाठी तरी राखून ठेवली होती, बहुधा जोडीदारासाठी. नवऱ्याशेजारी रिकामी जागा राहून गेली असेल तर बायको दुसऱ्या गावी मुलाकडे वारली का, ते शोधा.

गर्दीची सालं आपोआप दिसतात: १८९६ नंतरचा प्लेग, १८९९-१९०० चा छप्पनचा (संवत १९५६ चा) दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएंझा. अशा सालांत दगड कमी आणि उंचवटे जास्त, कारण दगड बसवायला घरात कुणी उरलेलं नसे किंवा ऐपत नसे. दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमांत आलेल्या मुलांच्या पुढच्या पिढ्या शोधताना माग बापाच्या नावापाशी तुटतो. तिथे दफनभूमी सोडून आश्रमाच्या दाखल-नोंदवहीकडे वळायचं.

वही कुणाला द्यायची

जिवंत माणसांची नावं आणि जन्मतारखा जाहीर प्रतीतून काढा. "दगड बसवणारे" या रकान्यात ती हमखास असतात. मृत्यूचं कारण, जात, अनौरस असल्याचा शेरा अशा गोष्टी कुटुंबाला विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका. एक छापील प्रत चर्चला किंवा सिनेगॉगला, एक गावातल्या वाचनालयाला, एक स्वतःकडे, आणि फाइल दोन वेगळ्या जागी. बेने इस्राएल कुटुंबांतली बहुतेक १९४८ नंतर इस्राएलला गेली. तिथून पणजीची कबर पाहायला येणाऱ्याच्या हातात गावाचं नाव आणि "३-१४" एवढं असलं की त्याचा दिवस वाया जात नाही. म्हणून नकाशा तक्त्याला जोडूनच द्या.

प्रती वाटण्याआधी छापील तक्ता घेऊन पुन्हा एकदा दफनभूमीत जा आणि शेवटच्या ओळीपासून उलट्या क्रमाने ताडून पाहा, जमल्यास पहिल्यांदा सोबत नसलेल्या माणसाला वाचायला लावून. पहिल्या खेपेला सकाळी वाचलेले दगड या वेळी संध्याकाळी पाहा. जे बदललं ते खोडू नका. जुनं वाचन, नवं वाचन आणि तारीख असा वेगळा रकाना त्यासाठी ठेवा.